तांब्यातलं पाणी

आधी गोगलगायी गेल्या.
काचेवरून सुटून वाळूत पडल्या, झाकण उघडं.
मला वाटलं, झोपल्यात.
मग कोळंब्या, नखाएवढ्या, चेरीसारख्या लाल,
एका रात्रीत शिजवल्यासारख्या पांढऱ्या.

मी वही केली.
हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचं रक्त मोजणारी बाई
घरी येऊन पाणी मोजू लागली.
अमोनिया: पिवळा, म्हणजे शून्य.
नायट्राइट: आकाशी, म्हणजे शून्य.
तापमान पंचवीस. फिल्टर चालू.
खवले नीट, डोळे नीट, बुरशी नाही, ठिपके नाहीत.
फक्त कल्ले भराभर हलतात,
चार जिने चढून आलेल्या माणसाच्या छातीसारखे.

"सगळं नॉर्मल आहे," मी म्हटलं.
आई मेथी निवडत होती.
"तुझ्या बाबांचंही सगळं नॉर्मलच होतं,"
ती म्हणाली, आणि देठं वेगळी ठेवली.

जिवंत मासे विकणारा ग्रीनॉकमध्ये एकच, लॅकलन.
स्टेशनखालच्या बोळात त्याचं दुकान, आत कायम संध्याकाळ.
त्यानं विचारलं, घरात रंग दिलात? नाही.
कसला धूर? गुरुवारची एक उदबत्ती.
गेल्या महिन्यात घरात नवीन काय आलं?
मी म्हटलं, नवीन मासा एकही नाही.
त्यानं मासा म्हटलं नव्हतं.

त्या आठवड्यात मिशाळ कॉरी गेल्या, पाचही,
तळाशी कुशीवर, एकमेकींना टेकून.
टिश्यूत गुंडाळून मागच्या कुंडीत पुरल्या.
वरच्या मजल्यावरच्या मिसेस गिलख्रिस्ट खिडकीतून बघत होत्या.
मी हात हलवला. काय सांगणार?

शुक्रवारी सकाळची पाळी. साडेपाचला उठले,
दिवा न लावता स्वयंपाकघराकडे गेले, तर आई टाकीपाशी.
हातात तो तांब्या,
गडहिंग्लजहून साडीत गुंडाळून आणलेला,
विमानतळावर दोनदा उघडून बघितलेला,
दर शनिवारी चिंच-मिठानं घासलेला.
रात्री भरून ठेवायचा,
सकाळी निम्मा स्वतः प्यायचा,
आणि उरलेला
टाकीचं झाकण अलगद उचलून,
"घ्या रे बाळांनो," म्हणत.

इथलं पाणी मऊ आहे.
किटलीला वर्षानुवर्षं पुटं चढत नाहीत, इतकं मऊ.
असं पाणी भिडस्त असतं,
ज्याच्याशेजारी रात्र काढेल
त्याचं थोडं अंगाला लावून येतं.
माणसाला तेवढं पचतं. कोळंबीला नाही.

दुपारी लॅकलनकडून धातूची टेस्ट आणली.
पाच थेंब, मग झाकण लावून हलवायचं, मग थांबायचं.
कामावर हजारदा केलंय हे,
कधी नळीकडे पाठ फिरवून उभी राहिले नव्हते.

फिल्टरमध्ये कोळसा भरला. रोज निम्मं पाणी बदललं.
तांब्या माझ्या खोलीत लपवला,
"घासायला काढलाय," म्हटलं.
खरं सांगायचं वाक्य तीनदा जुळवलं,
तीनदा फोडणी तडतडली आणि राहून गेलं.

रविवारी तिनंच वही मागितली.
चष्मा लावला, बोट ओळीवरून सरकवलं.
गोगलगायी, सोळा तारीख. कोळंब्या, एकोणीस.
"मी आले तेराला," ती म्हणाली.
मी टॉवेलाची घडी करत राहिले, मोडून पुन्हा केली.
तिनं पान उलटलं. मागे कोरं.
"त्यांची अशी वही कुणी केली नाही गं," म्हणाली,
आणि ती मिटून
भाड्याच्या पावत्यांच्या खणात ठेवली.

आता तांब्यात लाकडी चमचे उभे असतात.
गुरामी एकटा वाचलाय, एका परानं जरा अधू.
साडेपाचला तो काचेशी येऊन थांबतो,
सवय आहे त्याला.
तीही येते.
हात मागे बांधून
उभी राहते.